सात टोकं अन् एक खाट

सत्कार कायचा करून राहिले हो माहा? शाल कायले, नारळ कायले? भुपेंद्रभाऊनं आत्ता माईकवर सांगितलं, "सात तालुक्यांच्या सात उंच जागा पायी चढणारं आपल्या कोंढा गावचं आदर्श जोडपं, टेकचंदभाऊ अन् वहिनी!" अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या... वाजवा बापा, टाळ्याले कोण नाही म्हणते? पण जोडप्यातलं जे आदर्श आहे ना, ते तिकडं पहिल्या लाइनीत बसलं आहे, हिरव्या साडीत, सुलोचनाबाई. मी चढलो नाही. मले चढवलं! फरक आहे ना राजेहो!

तुम्हाले सांगतो, मी एसटीत कंडक्टर होतो. पवनी डेपो. सारी नोकरी उभ्यानं केली. एका हातात तिकिटाची मशीन, दुसऱ्या हातानं वरचा दांडा, अन् तोंडानं "चला, मागं सरका, मागं जागा आहे, अहो मागं जागा आहे!" मागं कधीच जागा नव्हती. हे मले बी माहीत होतं अन् पब्लिकले बी माहीत होतं, तरी मी म्हणायचो अन् ते सरकायचे. पवनी ते भंडारा, भंडारा ते पवनी, लोक बसलेले अन् मी उभा. कंडक्टरची सीट असते, हाव, असते ना, पण तिच्यावर कधी कोणाची म्हातारी माय बसलेली असते, कधी पायाले प्लास्टर लावलेला पेशंट, अन् एका मंडईच्या जत्रेच्या टायमाले तं कोंबड्याची टोपली बसून होती. मी त्या बाईले म्हटलं, बाई, टोपली खाली ठेवा. तं ते मलेच विचारते, "कंडक्टरभाऊ, मंग कोंबडे काय उभ्यानं येतील?" मी उभ्यानं गेलो.

म्हणून ज्या दिवशी रिटायर झालो ना, त्या दिवशी हार गळ्यात तसाच, घरी आलो, अंगणात निंबाखाली खाट टाकली अन् बसलो. बस! दुसरं काही मागणं नव्हतं माहं. ना गाडी, ना बंगला, ना तीर्थयात्रा. निंबाची सावली, खाट, पाठीले उशी, अन् समोरून जी एसटी जाते ना, तिच्यातला उभा कंडक्टर पाहायचा. काय सुख वाटे! मी म्हणतो, माणूस बसला तं काय बिघडते?

बिघडलं! पोरगा पुण्याले असते आमचा, सचिन. त्याचा फोन. त्याची भाषा आता तिकडची झाली आहे, म्हणते, "बाबा, तुम्ही दोघंच तिकडे काय करता? इकडे या ना कायमचे. अकराव्या मजल्यावर आहे आपला फ्लॅट, लिफ्ट आहे, काही त्रास नाही." मी म्हटलं, लिफ्टमध्ये बसाले मिळते काय? म्हणते, "बाबा, लिफ्टमध्ये कोण बसतं?" झालं! म्हणजे तिथं बी उभंच. मंग मी असंच विचारलं, माही खाट लिफ्टीत मावते काय रे? तो म्हणते, "खाट कशाला आणता, इथे बेड आहे." आता तुम्हीच सांगा, ज्या घरात माही खाट जात नाही त्या घरात मी कसा जाऊ? मी सरळ सांगितलं, मी येत नाही, इथंच मरीन, याच निंबाखाली.

तं इकडून सुलोचना म्हणते, "अजी, मी तं जाते बा पुण्याले."

मी म्हटलं, काहून?

"काहून म्हणजे? इथं राहून करू काय? तुम्ही खाटेवर, अन् मी तुमच्यासमोर. पाणी दे, चहा दे, उशी सरकवून दे! मी सारा जन्म वाकून काढला. रोवण्यात वाकली, निंदणात वाकली, धान कापाले वाकली, चुलीपुढं वाकली. बांधीतला चिखल अन् आपलेच पाय, यापलीकडं मले काय दिसलं? तुम्ही निदान एसटीतून जग तं पाहिलं. मले एकदा उंच जागी जाऊन, कंबर सरळ करून लांबचं पाहायचं आहे. पुण्याच्या अकराव्या मजल्यावरून दिसन काहीतरी."

आता खरं सांगतो, ते बोलली ते मले लागलं. पण मी कंडक्टर माणूस, लागलं तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. मी म्हटलं, एवढंच ना? चाल, शाळेच्या गच्चीवर नेतो. तं अशी पाहून राहिली माह्याकडं... बिनतिकिटाच्या माणसाकडं मी जसा पाहायचो ना, बिलकूल तसंच!

अन् मंग आमची पोरगी, गुंजन, नागपूरले असते, तिनं मायच्या फोनवर एक व्हिडिओ धाडला. कोणी नवरा-बायको आहेत म्हणते, त्यायले शौक आहे, हरेक राज्यातली सगळ्यात उंच जागा पायी चढून जायची. गोरेगोमटे, टोप्या घातलेले, पाठीवर पिशव्या, अन् वर पोचले का दोघंही हात पसरतात. कायले पसरतात? माहीत नाही. सुलोचनानं तो व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, मले दाखवला, दुधवाल्याले दाखवला, अन् मंग माह्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"हे पाहा. राज्यं-बिज्यं आपल्याच्यानं होणार नाहीत. आपल्या जिल्ह्याचे तालुके सात. हरेक तालुक्यातली सगळ्यात उंच जागा. सातही जागी तुम्ही माह्यासंग पार वरपर्यंत आले, तं मी पुण्याचं नाव काढणार नाही. अन् एक बी सुटली, तं चैत्रात सामान बांधायचं. खाट इथंच राहील."

मी मनातल्या मनात हसलो ना! अहो, आपला भंडारा जिल्हा म्हणजे काय? तलाव, तलावाची पिल्लं म्हणजे बोड्या, धानाच्या बांध्या. सारा सपाट. पावसाचं पाणी बी इथं थांबून विचारते, बावा, आता कोणीकडं जाऊ? अशा जिल्ह्यात उंच जागा किती उंच असन? एखाद्या तलावाची पाळ असन, चढलो, उतरलो, घरी येऊन बसलो. मी हो म्हटलं. तिथंच फसलो.

लाखांदूरचीच गोठ घ्या. फोनवर उंची दाखवणारं काहीतरी गुंजननं टाकून दिलं होतं, त्याच्यात मीटर दिसते. सुलोचना फोन असा पुढं धरून चालते, जसं काही आरतीचं तबक, अन् तोंडानं मोठ्यानं आकडा वाचते, अन् मी मागून. आम्ही शेताच्या धुऱ्यावरून चालणारे लोक, बाजूबाजूनं चालता येतच नाही, एकामागं एक. तं तो फोन आम्हाले बांध्या-बांध्यातून नेत नेत एका माणसाच्या वाड्यात घेऊन गेला, गोठ्याच्या मागं, अन् थांबला कुठं? शेणखताच्या ढिगापाशी! मी म्हटलं, झालं, हेच टोक, आता बाज टाका, बसू. अन् घरधनीण बी चांगली होती, म्हणे, "बसा जी, पाहुणे, चहा ठेवते." मी बसणार, एवढ्यात आमच्या बाईसायेब त्या ढिगाकडं पाहून म्हणतात, "अजी, ढिगावर अजून एक मीटर आहे." चढली हो! अन् मलेही चढवलं. तुम्ही हसून राहिले... माहे पाय घोट्यापर्यंत आत गेले होते. मी म्हणतो, चहा पिऊन, जरासं बसून चढलं असतं तं काय बिघडलं असतं?

अन् लाखनी? लाखनीले तं मी आधीच हिसाब लावून ठेवला होता. मी म्हटलं, सुलोचना, लाखनीत उड्डाणपूल आहे, ट्रका बी चढून जातात, त्याच्यापेक्षा उंच काय असन? गाडीवर बसूनच पुलावर जाऊ, बसून चढू, बसून उतरू. तं म्हणते, "माणसानं बांधलेलं चालत नाही, जमीन पाहिजे." आता हा नियम कोणत्या डेपोतून निघाला, शेणाच्या ढिगापाशी तं नव्हता? पण निघाला. उन्हात, झुडपात, काट्यात, जमिनीची उंच जागा शोधत फिरलो.

तुमसर तालुक्यात आंबागड. तिथं किल्ला आहे, पायऱ्या आहेत. मी म्हटलं, चला, एक तं सोयीचं निघालं. चढलो, धापा टाकल्या, वर गेलो. तं हे फोन पाहून म्हणते, "मागची पहाडी जास्त उंच आहे." मी म्हटलं, सुलोचना, राजानं किल्ला इथं बांधला. त्या राजाले समजत नव्हतं काय? तं म्हणते कशी, "राजाच्या बायकोले विचारलं नसन." झालं! गेलो मागच्या पहाडीवर. साकोली तशीच, मोहाडी तशीच, भंडारा तशीच. अन् हरेक टोकावर पोचलो का माही नजर काय शोधते? बसाले एक गोटा! सापडते बी. मी टेकणार तं, "अजी, बसू नका, मुंग्या आहेत." दुसऱ्या टोकावर, "बसू नका, आधी फोटो." तिसऱ्यावर तं, "बसू नका, देवाची जागा आहे!" अन् खरंच होती. तुम्हाले सांगतो, आपल्या जिल्ह्यातल्या हरेक टोकावर आमच्या आधी देव जाऊन बसला आहे. गोट्याचा, शेंदूर लावलेला, मजेत. त्याले कोणी उठ म्हणत नाही! हात जोडले मी. म्हटलं, देवा, तुही नोकरी दे मले.

असे सहा तालुके झाले. राहिला आपला पवनी. घरचा तालुका, म्हणून शेवटी ठेवला होता. तं फोन म्हणते, तालुक्यातली सगळ्यात उंच जागा जंगलात आहे. अन् जंगल कोणतं? वाघाचं! आम्ही गेलो नाक्यापर्यंत, तिथला माणूस म्हणते, "काका, पायी बंद आहे. वाघीण पिल्लं घेऊन फिरून राहिली." मले काय आनंद झाला! मी म्हटलं, धन्य ते माय, चाल घरी, बसू... अन् एकदम डोक्यात घंटी वाजली. एक बी सुटली तं काय? तं पुणं! खाट इथं अन् मी अकराव्या मजल्यावर! मंग मीच, राजेहो, मीच, ज्याले बसायचं होतं तोच, त्या नाक्यावर तिले विनवून राहिलो, "सुलोचना, वाघाची जागा वाघाले सोड. वाघ सोडून जी उंच असन ते आपली. चाल ना, शोधू ना!" तिनं मोठा इचार केला. म्हणते, "ठीक आहे. पण वाघाच्या बाहेरची सगळ्यात उंच. अंदाजपंचे चालणार नाही."

तं आम्ही गेलो नदीकडच्या एका गावाले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माहं नाव निघते. फोन दाखवे की आसपास टेकड्या आहेत, पण कोणती मोठी, ते समजेना. गावात शिरलो तं निंबाच्या पारावर एक बुढा, कवडूबाबा, तंबाखू मळत बसला होता. बसला होता हो! माह्या जिवाले काय झालं असन! माह्या अंगात माही जुनी खाकी पँट, कारण एसटीचा कपडा काट्याले फाटत नाही. अन् बाजूनं सुलोचना, फोन पुढं धरून, मीटर वाचत.

मी म्हटलं, "राम राम बाबाजी. या गावातली सगळ्यात उंच जागा कोणती हो?"

बुढ्यानं माह्या पँटीकडं पाहिलं. सुलोचनाच्या फोनाकडं पाहिलं. तंबाखू मळणं थांबलं.

"कायले पाहिजे?"

"पाहायचं आहे."

"काय पाहायचं आहे?"

"वर जाऊन पाहतो ना, कुठपर्यंत दिसते ते."

"कुठपर्यंत..." म्हणते, अन् बुढा उठला. तंबाखू तशीच टाकून दिली. तंबाखू! अन् गावात शिरून वरडला, "मोजाले आले रे! पुन्हा मोजाले आले!"

आता ही गोठ समजून घ्या. ते गाव आधी खाली होतं, नदीपाशी. धरण झालं, पाणी चढलं, गाव उचलून वर आणलं. तं त्या टायमाले बी असेच माणसं आले होते, असेच पँटवाले, हातात यंत्र, तोंडात मीटर, अन् असंच गोड बोलून विचारलं होतं, बाबाजी, उंच जागा कोणती? तेव्हापासून त्या गावात उंच जागा कोणी विचारली का त्याचा अर्थ एकच, खालची जागा जाणार! मी उंची मोजून राहिलो होतो, त्यायले वाटलं मी पाणी मोजून राहिलो. मी याच तालुक्यातला माणूस, मले समजाले पाहिजे होतं. पण डोक्यात काय? खाट!

पाहता पाहता सारं गाव गोळा. एक बाई वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून राहिली, एक जण सायकलवर टीव्ही बांधून राहिला, कोणाच्या बकऱ्या सुटल्या, कोणी म्हणते पाणी पुलापर्यंत आलं, कोणी म्हणते शाळेत शिरलं. शाळा समोर कोरडी उभी! उपसरपंच भोजराज आला, फोन कानाले लावूनच. "कोणत्या खात्याचे तुम्ही?" मी म्हटलं, कोणत्याच नाही, मी रिटायर माणूस, एसटीत कंडक्टर होतो, हा पाहा पास. वाटलं, पास पाहून तरी निवतील. तं भोजराज पास पाहते अन् लोकायले सांगते, "एसटीचा माणूस आणला! म्हणजे पाणी येणार अन् एसटीच्या जागी डोंगा चालू होणार, त्याची तिकिटं हा फाडणार!"

मी म्हटलं, बापाहो, आम्ही शौकानं चढतो. "शौक?" हाव, शौक. "बिनकामाचं?" हाव. "कोणी धाडलं?" म्हटलं, बायकोनं धाडलं. कोणी हसलं बी नाही! भोजराज म्हणते, "पहिल्या खेपेले आले होते ते बी म्हणत होते, काही नाही, असंच पाहून राहिलो."

अन् मंग त्या गर्दीतून एक म्हातारी आली. मनकर्णाबाई. हातात काठी, अंगानं वाळलेली. टेकडीकडं जी पायवाट जाते ना, तिच्या मधोमध आली, अन् बसली. धुळीत. म्हणते, "मी एकदा उठली. तुळशीचं वृंदावन सोडून उठली, विहीर सोडून उठली. आता नाही उठत. घ्या, मोजा मले."

राजेहो, सारी जिंदगी बसाची आस धरून काढली मी. पण असं बसणं पहिल्यांदा पाहिलं. एक निंबाची सावली सोडाची नाही म्हणून मी सहा तालुके तुडवले, अन् या बाईकडून सारं गाव सुटलं होतं. मी म्हटलं, सुलोचना, चाल. राहू दे. पुण्याले जाऊ. खरंच म्हटलं हो! ते दोन शब्द माह्या तोंडून कसे निघाले, मले माहीत, पण निघाले.

तं सुलोचना काय करते? फोन पदरात बांधला, अन् बसली! मनकर्णाबाईच्या बाजूनं, त्याच धुळीत. जे बाई मले सहा टोकांवर टेकू देत नव्हती, ते बसली. म्हणते, "माय, तुमच्या हाताले रोवण्याचे घट्टे आहेत. हे पाहा, माह्या बी आहेत. आम्ही काही मोजाले नाही आलो. मले उंचावरून पाहायचं आहे फक्त. तुम्ही कधी चढल्या काय या टेकडीवर?"

"लाकडं आणाले अर्ध्यात जात होती. वर कायले जाऊ? वर काय ठेवलं आहे?"

"चाला मंग. पाणी कुठं आहे ते आपल्या डोळ्यानं पाहा. आम्ही खोटं बोलत असू, तं याहिले तिथूनच लोटून द्या." याहिले म्हणजे मले! मले विचारलं बी नाही!

म्हातारीनं माह्याकडं नीट पाहिलं. लोटाले सोपा आहे काय, ते पाहत असन. अन् उठली.

मंग काय, सारं गाव निघालं. पुढं सुलोचना, मागून मनकर्णाबाई, मंग भोजराज, कवडूबाबा, मिरच्यावाली, टीव्हीवाला टीव्ही खाली ठेवून, बायका, पोट्टे, एक बकरी. पायवाट एवढीशी, कोणी थांबते, कोणी घसरते, अन् माह्या तोंडातून आपोआप निघालं, "चला, पुढं सरका, पुढं जागा आहे!" लोक सरकले बी! म्हातारीचा हात धरून मी चढलो. मध्येच विचारलं, माय, बसता काय जराशा? मले बसायचं होतं, खोटं कायले सांगू! नाही म्हणाली.

वर पोचलो. देव होताच, बसलेला. सुलोचनानं फोन काढला, पाहिला, मान हलवली, हेच टोक. पण आकडा नाही वाचला तिनं. लोक कडेले गेले. खाली धानाच्या बांध्या, त्याच्यापलीकडं पाणी... भल्ला मोठा पसारा पाण्याचा, निळा, चूपचाप. अन् पाण्यात जागोजागी वाळलेली झाडं उभी. पाणी होतं तिथंच होतं, कुठं चढलं नव्हतं. भोजराजनं फोन खिशात टाकला. कवडूबाबा म्हणते, "हात्तीच्या! माही तंबाखू उगीच गेली."

मनकर्णाबाई मात्र डोळ्यावर हात धरून पाहून राहिली होती. मंग काठी उचलली. "ते पाहा, ते चिंच उभी आहे ना पाण्यात, वाकडी. तिच्या उगवतीले माहं घर. तिथं विहीर. उन्हाळ्यात बी आटली नाही कधी." सुलोचना तिच्या बाजूनं उभी, कंबरेवर हात. मले वाटलं, उन्हात उभी आहे म्हातारी, थकली असन. देवाच्या बाजूनं एक चांगला सपाट गोटा होता, मी माह्यासाठी हेरून ठेवला होता. मी म्हटलं, माय, या, इथं बसा.

म्हणते, "बसून नाही दिसत बापा."

मी जनमभर म्हणत आलो, बसलं तं काय बिघडते. त्या बाईनं सांगून दिलं काय बिघडते ते. मंग मी बी गेलो, अन् सुलोचनाच्या बाजूनं उभा राहिलो. मागं नाही, बाजूनं. तिनं मले उभं राहा म्हटलं नव्हतं, तरी राहिलो. बरं वाटलं. हाव, वाटलं बरं, लिहून घ्या!

तं मी जिंकलो. सातही टोकं झाली. सुलोचनानं शब्द पाळला, पुण्याचं नाव काढलं नाही. पुढच्या इतवारी सकाळी निंबाखाली खाट झटकली, उशी ठेवली, बसलो. बसलो म्हणजे, बूड टेकलं असन-नसन, तं रस्त्यावर टेम्पो. पोंऽऽ! आत कोण? मनकर्णाबाई! अन् त्या गावच्या साऱ्या बायका, डबे बांधून, पायात कॅनव्हासचे बूट. म्हणतात, "भाऊजी, आम्हाले आंबागड पाहायचं आहे. सुलोचनाबाई म्हणे इतवारी निघायचं." मी सुलोचनाकडं पाहिलं. ते तयार होऊन पाण्याची बाटली भरून राहिली! मी म्हटलं, आपला करार सात टोकांचा होता. म्हणते, "करार झाला ना पुरा. हे शौकानं आहे."

तवापासून हरेक इतवार हेच. टेम्पो बायकांनी भरलेला, एक इंच जागा नाही, अन् मी कुठं? दारात! एका हातानं वरचा दांडा, दुसऱ्या हातात कोणाचा तरी डबा, "चला, मागं सरका, मागं जागा आहे!" जे काम सरकार पगार देऊन करून घेत होतं, ते आता मी फुकट करून राहिलो.

शेवटी परवा, तुम्हाले म्हणून सांगतो, तिले सांगू नका... ऐकून राहिली ते, ऐकू द्या! परवा आमच्या गोठ्यामागं जाऊन मीच सचिनले फोन लावला. म्हटलं, बेटा, ते पुण्याचं... येतो म्हणतो मी. खाट नाही आणत. बेड चालते मले. आराम पाहिजे फक्त. पोरगा काय खूश झाला! म्हणते, "या ना बाबा! आईनं सांगितलं तुमच्या शौकाचं. आमच्या सोसायटीच्या मागेच टेकडी आहे. तुमच्या वयाचे सगळे जण रोज सकाळी चढतात. रोज! तुमचं नाव त्यांच्या ग्रुपमध्ये टाकू का?"

फोन ठेवून दिला.

तं असं आहे. तुमची शाल राहू द्या, नारळ सुलोचनाले द्या, ते वर नेऊन देवापुढं फोडन. मले काही नको. फक्त एक सांगा राजेहो, एवढा वेळ झाला, मी इथं माईकपुढं घसा कोरडा करून राहिलो, तुम्ही सारे खुर्च्यांवर रेलून, पाय पसरून, मजेत ऐकून राहिले... इतक्या माणसांत एकाच्या तरी तोंडून निघालं काय, टेकचंदभाऊ, बसा?